शाली येऊन राह्यल्या

लेख मागायला आलेले संपादक चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, निवेदनाच्या आठवणी लिहा. फक्त कोणाचं नाव घेऊ नका, कोणाला लागेल असं काही नको, आणि जरा खुसखुशीत होऊ द्या." जन्मभर मला अशाच सूचना मिळत आल्या आहेत, म्हणून मी हो म्हटलं. नावं बदलली आहेत. तरीही ज्यांना लागायचं त्यांना लागेलच, त्याला माझा इलाज नाही.

पोटासाठी मी यवतमाळच्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं. पण गाव मला ओळखतं ते माईकमुळे. भाजी घ्यायला गेले की भाजीवाली विचारते, "काल माइकवर तुमीच होत्या न?" मी हो म्हटलं की ती पुढे विचारते, "कशाचा होता कार्यक्रम?" मांडव तिच्या गाडीला लागूनच होता आणि भोंग्याचं तोंडही तिच्याकडेच होतं. तिची चूक नाही. आमच्या कार्यक्रमांतून ते कशाचे होते हे सहसा कळत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, निवेदन म्हणजे नावं पुकारणं. ते सगळ्यात शेवटचं काम. पहिलं काम म्हणजे वेळ भरून काढणं. नागपूरहून निघालेले पाहुणे फोनवर सांगतात, "कळंबला पोचलो." याचे दोन अर्थ असतात. एक, ते अजून घरी दाढी करत आहेत. दोन, ते खरंच कळंबला आहेत आणि चिंतामणीच्या दर्शनाच्या रांगेत उभे आहेत. दोन्ही प्रकारांत मला माईकवर बोलत राहावं लागतं. एकदा एका पाहुण्यांची वाट पाहताना मी वऱ्हाडातल्या ऋतूंवर बोलायला सुरुवात केली आणि तीनही ऋतू संपवून पुन्हा उन्हाळ्यावर आले, तरी गाडी आली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

दुसरं काम विशेषणांचं. 'सुप्रसिद्ध' हे कोणालाही लावता येतं, त्याने कोणी रागावत नाही. 'ज्येष्ठ' मात्र जपून वापरायचं असतं. एका बाईंना मी 'ज्येष्ठ कवयित्री' म्हटलं, तर त्यांनी पुढच्या दोन संक्रांतींना मला हळदीकुंकवाला बोलावलं नाही. तिसरं काम दीपप्रज्वलनाचं. वातींच्या टोकाला आधी कापराचा चुरा लावून ठेवायचा आणि पंखा बंद करून घ्यायचा, नाहीतर पाहुणे मेणबत्ती घेऊन वाकलेले, वात पेटत नाही आणि मागून छायाचित्रकार ओरडतो, "साहेब, इकडे पाहा, अजून एक डाव." अंधारातून प्रकाशाकडे जाण्यासाठी आमच्याकडे आधी पंख्याचं बटण शोधावं लागतं.

पण खरं शास्त्र आहे ते सत्काराचं. कोणाच्या हस्ते कोणाचा, हे जुळवणं पत्रिका जुळवण्याहून अवघड. लहानाच्या हातून मोठ्याला शाल गेली तर मोठा रुसतो, आणि मोठ्याच्या हातून लहानाला गेली तर मधला रुसतो. शालींतही पायऱ्या असतात. आमच्या गावच्या संगीत महोत्सवाचे सचिव गजूभाऊ यांचं मेन लाइनच्या बाजारात कपड्यांचं दुकान आहे. समितीच्या सगळ्या शाली तिथूनच येतात, हा योगायोग आहे असं समितीचं म्हणणं आहे. त्यांच्याकडे तीन प्रकार असत. पाहुण्यांसाठी जाड लोकरीची, अध्यक्ष आणि देणगीदारांसाठी मध्यम, आणि तिसऱ्या प्रकाराला गजूभाऊ 'लोकल' म्हणत. ती स्थानिक कलावंतांसाठी. तिच्यातून पेपर वाचता येई. तिन्ही प्रकार कुरकुरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशवीत येत आणि ती पिशवी मंचावरच फोडायची असा रिवाज होता, म्हणजे माल कोरा आहे हे सगळ्यांना दिसतं आणि पिशवीवरचं दुकानाचं नावही फोटोत येतं. मध्ये एकदा शालीऐवजी रोपटं द्यायची टूम निघाली होती. कार्यक्रम संपल्यावर गाड्या लावायच्या जागी तुळशीचं बन उभं राहिलेलं दिसलं, तेव्हा ती बंद झाली.

या सगळ्यातून मला एक नियम कळला. सत्कार होईपर्यंत माणूस उठत नाही, आणि सत्कार झाला की बसत नाही. गरज सरो, वैद्य मरो. पाहुण्यांचा सत्कार झाला की पाहुणे उठतात, पाहुणे उठले की त्यांची माणसं उठतात, ती उठली की त्यांना पोचवायला समिती उठते, आणि समिती उठली की लोकांना वाटतं, संपलं. मग स्थानिक कलावंत मंचावर येतो.

आमचा स्थानिक कलावंत म्हणजे वच्छलाबाई.

वच्छलाबाई गाण्याचा वर्ग चालवायच्या. घराची पुढची खोली, एक पेटी, एक तंबोरा, भिंतीला टेकवलेल्या सतरंज्या. यवतमाळातल्या ज्या कोणत्या बाईला लग्नात दाखवण्यापुरतं तरी गाता येतं, ती त्या खोलीत बसून गेलेली असणार. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बोलणं असं फाडकन की नवखा माणूस दचकावा. गाणं मात्र त्याच गळ्यातून येतं यावर विश्वास बसू नये असं.

समितीला वच्छलाबाईंचा फार अभिमान. त्यांचा सत्कार केल्याशिवाय आमचा महोत्सव पार पडतच नसे. दरवर्षी लोकल शाल, दरवर्षी नारळ. नारळाची त्या चटणी करत आणि शालींच्या गवसण्या शिवत. तंबोऱ्याला गवसणी, पेटीला गवसणी, तबल्याच्या जोडीला गवसणी, शेवटी स्वयंपाकघरातल्या मिक्सरलाही गवसणी. मी म्हटलं, "ताई, मिक्सर कशाला झाकला?" त्या म्हणाल्या, "बाकी काही उरलंच नाही न मॅडम झाकाले."

सत्कार दरवर्षी होई, गाणं मात्र होत नसे. म्हणजे त्यांना मंचावर बसवत, पण दोनच वेळांना. एक, पाहुणे यायच्या आधी. एका वर्षी त्यांचा आलाप अर्ध्यावर आला होता, तेवढ्यात फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. गजूभाऊ धावत मंचावर आले आणि त्यांच्या तोंडापुढचा माईक स्टँडसकट उचलून घेऊन गेले. ताई माईकशिवाय तो आलाप पुरा करत बसल्या होत्या आणि मी भोंग्यावरून पाहुण्यांचं स्वागत करत होते. दुसरी वेळ म्हणजे सगळं आटोपल्यावर. तेव्हा समोर रिकाम्या खुर्च्या आणि त्या एकमेकींत घालणारे मांडववाले. एकदा तर ताई गात असतानाच एक जण मंचावर चढला आणि अदबीनं म्हणाला, "काकू, जरासं उचला, सतरंजी गुंडाळाची हाये." ताईंनी तान न सोडता एक कड उचलून दिली. हसून हसून माझी पुरेवाट झाली त्या दिवशी. घरी गेल्यावर मात्र जेवण गेलं नाही.

मग एका वर्षी महोत्सवाच्या आधी ताई माझ्याकडे आल्या. पाणी दिलं तर घोट घोट करत पीत बसल्या. मग म्हणाल्या, "मॅडम, गळ्यात गाठ हाये. नागपूरले दाखवलं. कापा लागते म्हणते."

मी घाबरून विचारलं, "वाईट आहे का?"

"तशी वाईट नाई म्हणे. कापली का जाईन. पन आवाज राहीन का नाई ते सांगून नाही राह्यला तो डॉक्टर. मी दोन-तीन डाव इचारलं, तर म्हणते कसा, काकू, आता या वयात आवाज कायले पाह्यजे?"

मी त्यांचं भांडं पुन्हा भरलं. त्याच पुढे म्हणाल्या, "महोत्सव झाला का दुसऱ्याच आठवड्यात जाचं हाये. म्हणून आली. मले यंदा शाल नोको मॅडम. एक डाव धड गाऊ द्या. पूरिया धनाश्री बसवला हाये. तो दिवेलागणीचा राग हाय, दिवेलागणीलेच गाईन. अर्ध्यावर माइक नोका काढू. सतरंजी नोका गुंडाळू. अन् लोकं बसले पाह्यजे. लोकं बसून ऐकून राह्यले, असं एक डाव पाहाचं हाय मले. बस."

मी म्हटलं, बघते. निवेदकाच्या भाषेत याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे त्यांनाही माहीत होतं. पण त्या दिवशी मी तो शब्द मनापासून वापरला.

समितीच्या बैठकीत मी विषय काढला. अध्यक्ष अण्णासाहेब, कापसाचे जिनिंगवाले, मोठा दिलदार माणूस, फक्त ऐकण्याची सवय नाही. ते म्हणाले, "मॅडम, ताईंना आपण कधी डावललं का? दरवर्षी सत्कार करतो." मी म्हटलं, "अण्णासाहेब, त्यांना गायचं आहे." ते म्हणाले, "गाऊ द्या न, कोण नाही म्हणते? सत्कार झाल्यावर गाऊ द्या." मी म्हटलं, "सत्कार झाल्यावर अंधार पडतो आणि माणसं उठतात. दीपप्रज्वलन झालं की लगेच ठेवा." यावर गजूभाऊंनी मला समजावून सांगितलं. "मॅडम, आमदार साहेब येऊन राह्यले यंदा. त्याईले आर्णीले लग्न हाये. त्याईले कायले आलाप ऐकवता? सत्कार पह्यले. साहेब गेले का मंग ताई हायेच अन् तुमी हायेच."

म्हणजे ताई, मी आणि मांडववाले.

महोत्सवाच्या तिसऱ्या दिवशी, म्हणजे स्थानिक कलावंतांच्या दिवशी, मी दुपारीच मैदानावर गेले. पुण्यामुंबईचे गायक पहिल्या दोन दिवसांत येऊन गेले होते आणि त्यांच्याबरोबर मंचावरची जाड गादी, लोड आणि फुलदाण्याही गेल्या होत्या. उरलं होतं नुसतं लाकडी तख्त. त्यावर एक पांढरी चादर घडी करून ठेवलेली. मांडववाल्याला विचारलं तर म्हणाला, "गादी दोनच दिवसाची सांगतली होती मॅडम. आज लोकल हाये न." गुडघे दुखणारी बाई थंडीत फळीवर बसून गाणार होती. मी रागाने पडद्यामागे गेले, काही अंथरायला मिळतं का बघायला, तर कोपऱ्यात गजूभाऊंच्या दुकानाची मोठी पिशवी. आत कोऱ्या करकरीत शाली, प्लास्टिकसकट. जाड, मध्यम आणि लोकल.

मी काही फार विचार केला असं नाही. तख्तावर खाली लोकल लावल्या, त्यावर मध्यम, आणि सगळ्यात वर, बरोबर मधोमध, पाहुण्यांची जाड. वरून पांढरी चादर ताणून चारी बाजूंनी खोचली. गादी झकास झाली. थोडी कुरकुरत होती, तेवढंच. रिकामी पिशवी घडी करून माझ्या पर्समध्ये टाकली आणि घरी जाऊन साडी बदलून आले.

साहेब वेळेवर आले, ही त्या दिवसाची पहिली अघटित गोष्ट. आर्णीच्या लग्नाची घाई होती. त्यांच्यामागे त्यांची माणसं आली आणि पुढच्या रांगा भरल्या. दीपप्रज्वलन झालं, कापराने इमान राखलं. मांडवाच्या कडेला आकाश तांबूस झालं होतं. गजूभाऊ मंचाच्या पायरीशी येऊन म्हणाले, "मॅडम, स्वागतगीत-फीत काही नोको. डायरेक्ट सत्कार घ्या." आणि शाली आणायला पडद्यामागे गेले.

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात नुसते नारळ होते.

"मॅडम, शाली कुठी हाये?"

"दुकानातून आणल्याच ना तुम्ही?"

"आणल्या तं होत्या. का नाई आणल्या? अरे बाप्पा." त्यांचा स्वतःवरचा विश्वास माझ्या डोळ्यांदेखत उडाला. नुसता नारळ देऊन पाहुण्यांना वाटेला लावता येत नाही, एवढं त्यांनाही कळत होतं. त्यांनी दुकानातल्या रमेशला किल्ली देऊन पिटाळलं आणि अण्णासाहेबांच्या कानाशी लागले. "शाली येऊन राह्यल्या."

अण्णासाहेबांनी साहेबांना सांगितलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. ते उठतील असं मला एक क्षण वाटलं. पण नियम तो नियम. साहेबांचा सत्कार राहिला होता. त्यांच्या माणसांचे साहेबांबरोबरचे फोटो राहिले होते. अण्णासाहेबांची त्या महिन्यात एकसष्टी झाली होती, तो सत्कार राहिला होता. पहिल्या दोन रांगांत ज्याचं काही राहिलं नाही असा माणूसच नव्हता. साहेब पुन्हा खुर्चीला टेकले आणि मी माईक घेतला.

"सत्काराची तयारी होईपर्यंत," मी म्हटलं, "आपल्या गावाच्या वच्छलाबाई."

एरवी विशेषणं लावण्यात माझा हात कोणी धरत नाही, पण तेव्हा एकही आठवलं नाही.

ताई तख्तावर बसल्या. बसताना चर्रर्र असा मोठा आवाज माईकमधून साऱ्या मैदानावर गेला. त्यांनी चमकून खाली पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान फिरवली. तबल्यावर त्यांचाच जुना विद्यार्थी होता, आता बँकेत नोकरी करणारा, त्याने हातोडीने शेवटचं ठाकठीक केलं. तंबोरा सुरू झाला. ताईंनी डोळे मिटले आणि सा लावला.

मला गाण्यातलं फारसं कळत नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी मला टाळ्या वाजवायला उभं करत. पण त्या संध्याकाळचं मी सांगू शकते. मैदानापलीकडच्या रस्त्यावर एकेक दिवा लागत होता आणि ताई एकेका सुराला हात लावून, थांबून, पुन्हा मागे येत होत्या. कुठे घाई नव्हती. इतकी वर्षं त्या माईक जाईल, सतरंजी जाईल म्हणून पळत गायल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मी पडद्याच्या दोरीला धरून उभी होते आणि रडत होते. पावडर सगळी धुऊन निघाली.

समितीचं दुसरंच गाणं चाललं होतं. दर थोड्या वेळाने पहिल्या रांगेतून अण्णासाहेब वाकून विचारत, "शाली?" आणि मंचाच्या पायरीशी उभे गजूभाऊ दोन्ही हात हलवून सांगत, "येऊन राह्यल्या, येऊन राह्यल्या." साहेबांनी आधी फोन पाहिला, मग मांडव पाहिला, मग डोळे मिटले. अण्णासाहेब शेजाऱ्याला म्हणाले, "पाहा, कसे तल्लीन झाले." मी वरून पाहत होते. साहेबांची हनुवटी छातीवर टेकली होती. पण मागच्या रांगा जाग्या होत्या. पुढचे उठत नाहीत म्हणजे अजून काहीतरी व्हायचं आहे, या आशेने त्या बसल्या आणि मग ती आशा विसरून ऐकत बसल्या. शेंगदाण्याच्या पुड्या वाजायच्या बंद झाल्या.

ताईंनी विलंबित पुरं केलं, द्रुत पुरं केलं, आणि हात जोडले. टाळ्या पडल्या. साहेब टाळ्यांनी जागे झाले आणि त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. ताई डोळे बारीक करून समोर बघत होत्या. एक एक रांग पाहत होत्या. त्यांच्या तोंडावरचा तो भाव मला शब्दांत पकडता येत नाही, आणि मी शब्दांवरच पोट भरलेली बाई आहे.

आणि तेव्हाच रमेश धापा टाकत आला. त्याला आतल्या कपाटाची किल्लीच लागली नाही म्हणून त्याने दुकानात पुढे जे होतं ते उचललं होतं. सोलापुरी चादरी. लाल, हिरव्या, मोठ्या डबलबेडच्या. गजूभाऊंनी कपाळाला हात लावला, पण साहेब घाईत होते. सत्कार चादरींनी झाले. साहेबांना चादर पांघरली तेव्हा ते तर झाकले गेलेच, बाजूचा छायाचित्रकारही अर्धा झाकला गेला. साहेब चादरीतून तोंड बाहेर काढून म्हणाले, "हे बरं केलं बुवा. शालींचं घरी काय करावं कळत नाही." जाताना त्यांनी अण्णासाहेबांना सांगितलं, कार्यक्रम चांगला झाला, फक्त सत्काराला उशीर झाला.

मग मांडववाल्यांनी मंच आवरायला घेतला आणि तख्तावरची चादर ओढली.

गजूभाऊंनी वरची जाड शाल प्लास्टिकसकट उचलली. "मॅडम, हे काय हाये?"

"गादी," मी म्हटलं. "तुम्ही दिली नव्हती."

"अवो, ह्या पाहुण्यायच्या शाली हाये. साहेबाची जाड शाल हाये हे. याच्यावर ताई बसल्या होत्या?"

ताई पायऱ्या उतरत होत्या, त्या थांबल्या. मागे आल्या, शालींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळा उलगडा झाला. "तरीच," त्या म्हणाल्या, "मी म्हणून राह्यली, हे बूड काहून कुरकुरून राह्यलं." आणि त्या तख्ताला धरून हसत सुटल्या. हसता हसता खोकला आला, तरी हसत होत्या. गजूभाऊ मला भैताड म्हणाले की स्वतःला, ते नीट ऐकू आलं नाही.

त्या गाण्याची ध्वनिफीत नाही, याची हळहळ मला अजून आहे. चित्रीकरणवाल्याने बॅटरी वाचवायला कॅमेरा बंद ठेवला होता, तो सत्काराला सुरू केला. साहेबांना चादर पांघरल्याचं चित्रीकरण तीन बाजूंनी आहे. प्रेक्षकांतल्या एका बाईंनी फोनवर थोडंसं घेतलं होतं. त्यात मागे पूरिया धनाश्री आहे आणि पुढे त्या बाई मैत्रिणीला आळूवडीची कृती सांगत आहेत. मी तेही जपून ठेवलं आहे. आळूवडी त्या पद्धतीने करून पाहिली, चांगली होते.

महोत्सवानंतर समितीने मला नारळ दिला. शालीशिवाय. अण्णासाहेब म्हणाले, "मॅडम, आता तरुण रक्ताला वाव देऊ." त्यांचं स्वतःचं रक्त अध्यक्षपदावर अजून आहे.

ताईंचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, ती वाईट नव्हती. आवाजही गेला. अगदी मुका नाही, पण चाळणीतून पीठ पडावं तसा घसघसत येई, आणि एका वाक्याच्या पुढे पुरत नसे. वर्ग बंद झाला. मुली अजून येतात, पेटी झाकलेलीच असते, ताई हाताच्या खुणेने चहा करायला सांगतात.

आणि पुढच्या महोत्सवात समितीने ताईंना जीवनगौरव जाहीर केला. पहिल्या दिवशी, पुण्याच्या गायकाच्या आधी, पुरी गादी-लोड लावून. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मंचावर तरुण रक्त माईकवर होतं आणि ताईंना 'ज्येष्ठ' म्हणत होतं. गजूभाऊंनी स्वतः पिशवी फोडली. जाड लोकरीची शाल, पाहुण्यांची. ती ताईंच्या खांद्यावर आली. मग अण्णासाहेबांनी माईक घेतला आणि भरल्या गळ्याने म्हणाले, "इतकी वर्षं ताईंना आपण वेळ देऊ शकलो नाही. आज त्यांना वेळेचं कोणतंही बंधन नाही. त्यांनी मनसोक्त बोलावं, वाटलं तर गावं."

टाळ्या पडल्या. माईक ताईंच्या हातात दिला गेला. कोणी उठत नव्हतं, कोणी खुर्च्या उचलत नव्हतं, फाटकाशी कोणतीही गाडी वाजत नव्हती. ताईंनी तोंड उघडलं. माईकमधून आधी नुसता श्वास आला. मग ते घसघसणारं बोलणं.

"पह्यल्यांदा जाड शाल देल्ली," त्या म्हणाल्या. "बरं झालं. आता गळ्याले ऊबच पाह्यजे."

लोक हसले. अण्णासाहेबही हसले. ताईंनी खांद्यावरची शाल काढली, गुडघ्यावर ठेवून नीट चौघडी घातली, उठून खुर्चीवर ठेवली आणि तिच्यावर बसल्या. बसून जरा इकडे तिकडे सरकून पाहिलं. मंचावर कोणाला काही कळलं नाही. फक्त गजूभाऊ खाली बघू लागले. मग ताईंनी तिसऱ्या रांगेत मला शोधलं. माईक अजून हातात होता आणि चालू होता.

"ही नाई कुरकुरत, मॅडम," त्या म्हणाल्या.